मेणाबाहेरचं पाणी, मेणातलं पाणी

मेणबत्त्यांसाठी एक किलो पॅराफिन मेण फोडण्यापासून साच्यात ओतेपर्यंत आम्हाला साधारण सव्वा तास लागतो. त्यातला निम्मा वेळ मेण वितळायची वाट बघण्यात जातो. हा वेळ वाचवायला म्हणून लोक टोप थेट गॅसवर चढवतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. खाली लिहिलं आहे ते एका घाण्याचं, मुंबईतल्या नेहमीच्या, दोन माणसं उभी राहिली की भरणाऱ्या स्वयंपाकघरातलं.

बाजारात सर्रास मिळणाऱ्या लादीवर 58/60 असा आकडा असतो. ते मेण 58 ते 60 अंश सेल्सियसला वितळतं, एवढाच त्याचा अर्थ. मेणबत्ती ओतायला ते 80 अंशांपर्यंत नेलं की पुष्कळ झालं. चांगल्या शुद्ध पॅराफिनची वाफ 200 अंशांच्या आसपास ठिणगी मिळाली की पेट घेते. 80 आणि 200 यांत अंतर खूप वाटतं, पण थेट आचेवरच्या टोपाचा तळ ते अंतर बघता बघता कापतो. शिवाय मेण इशारा देत नाही. दूध फुगून वर येतं, फोडणीचं तेल मोहरी तडतडवून सांगतं. मेण 80 ला जसं दिसतं तसंच 150 लाही दिसतं, स्वच्छ आणि शांत. पांढुरका धूर दिसायला लागला की ते केव्हाच हाताबाहेर गेलेलं असतं.

म्हणून टोपाबाहेर पाणी. मुंबईत, समुद्रसपाटीला, उघड्या भांड्यातलं पाणी 100 अंशांच्या पुढे जात नाही, मग खाली आच कितीही असो. त्या पाण्यात बसलेलं मेणही 100 ओलांडू शकत नाही. वेगळा थर्मोस्टॅट नको, वायर नको. मात्र हे संरक्षण पाणी आहे तोवरच असतं, हे पुढे सारखं येईल.

बाहेरचं भांडं म्हणून पाच लिटरच्या प्रेशर कुकरचं नुसतं पातेलं उत्तम. झाकण, रिंग, शिट्टी कपाटात. या कामात कुकर कधीही बंद करायचा नाही. तळाला कुकरची भोकांची जाळी किंवा लहान तिवई, म्हणजे आतला टोप तळाला टेकत नाही आणि खालूनही पाणी फिरतं. आत दोन लिटरचा, चोच आणि दांडा असलेला स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा टोप. एक किलो मेण वितळलं की सव्वा लिटरच्या आसपास होतं, म्हणजे टोप दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरत नाही आणि ढवळायला जागा राहते. पितळेचं पातेलं नको. कल्हई उडाली असेल तर मेण कडक व्हायला घातलेल्या स्टीअरिक ॲसिडची पितळेतल्या तांब्याशी गाठ पडते आणि पांढरी मेणबत्ती हिरवट निघते.

पाणी किती घालायचं याला एक हिशेब आहे. मेण एक किलो आणि टोप चारशे ग्रॅम, म्हणजे एकूण वजन 1.4 किलो. टोपाने 1.4 लिटरपेक्षा जास्त पाणी बाजूला सारलं की तो तरंगणार. तरंगलेला टोप उकळीबरोबर डुलतो, कलतो आणि काठावरून पाणी आत घेतो. पाणी टोपाच्या निम्म्या उंचीपर्यंत ठेवलं की तो जाळीवर घट्ट बसतो. अर्धा किलोचाच घाणा असेल तर पाणीही त्या मानाने कमी.

आता वर म्हटलेली ती अट. घरगुती शेगडीचा मोठा बर्नर पूर्ण उघडला तर उकळतं पाणी अर्ध्यापाऊण तासात लिटरभर उडून जातं. कुकर कोरडा पडला की आत आणि बाहेर काहीच राखण उरत नाही, मेण थेट गॅसवर ठेवल्यासारखंच होतं. इडलीपात्राच्या पाण्यात पुष्कळ घरांत रुपयाचं नाणं टाकतात, तेच इथेही टाकतो. पाणी उकळत असेपर्यंत नाणं खुळखुळतं. आवाज बदलला किंवा थांबला की गॅस बंद करून आधी पाणी बघायचं. पाणी वाढवायचं असेल तर गरमच, लांब नळीच्या किटलीतून, कुकरच्या कडेने, आणि तेवढ्या वेळात टोपावर ताटली. गार पाणी ओतलं तर उकळी बसते आणि दहा मिनिटं फुकट जातात. टोपात पाणी उडालं तर काय होतं, ते पुढे येतंच.

आधी मेण फोडणं. लादी अखंड टाकू नये. मेण उष्णता फार हळू पुढे सरकवतं. मोठ्या ढेपेची कड पाणी होऊन तापत राहते आणि मधला गाभा दगडासारखा तसाच. जुन्या चादरीत दोन पदरी गुंडाळून वरवंट्याने सुपारीएवढे तुकडे करायचे. गोणपाट नको, त्याचे तंतू मेणात उतरतात आणि पुढे ज्योतीखाली येऊन धुरकटतात. मे महिन्यात लादी वरवंट्याला दाद देत नाही, फुटायच्या ऐवजी दबते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली की पहिल्या दोन फटक्यांत उडते.

जून ते सप्टेंबर इथे टोप, साचे, वाती सगळंच दमट असतं. नुसत्या फडक्याने पुसून भागत नाही. रिकामा टोप मंद आचेवर मिनिटभर कोरडा तापवून, निववून मगच त्यात मेण. फ्रिजमधून काढलेल्या लादीवरही दव जमतं, तेही पुसायचं. एवढी कटकट कशासाठी, तर पाणी मेणापेक्षा जड असतं. चुकून पडलेला थेंब वर तरंगत नाही, तळाला जाऊन काचेच्या मण्यासारखा चिकटून बसतो. टोप कलता धरून उजेडात पाहिलं तर हे मणी दिसतात, मेणापेक्षा वेगळे चकाकणारे. पाण्याच्या आंघोळीत, म्हणजे टोप कुकरच्या पाण्यात असताना, ते निरुपद्रवी, कारण 100 ओलांडतच नाहीत. पण हाच टोप कोणी ‘जरा पटकन’ म्हणून थेट गॅसवर ठेवला की त्या मण्याची तळातच वाफ होते आणि वरचं सगळं मेण घेऊन ती उसळते. मेण हातावर उडाल्याच्या बहुतेक प्रसंगांमागे हा मणी असतो. मणी दिसले तर टोप दहा मिनिटं शांत ठेवायचा, वरचं मेण अलगद दुसऱ्या कोरड्या भांड्यात काढायचं आणि तळाचे दोन चमचे सोडून द्यायचे. गाळणीने पाणी निघत नाही.

गॅस पेटवायच्या आधी छताचा पंखा बंद. याचा कंटाळा सगळ्यांना येतो, विशेषतः ऑक्टोबरच्या उकाड्यात. पण सिमवरची ज्योत पंख्याच्या वाऱ्याने विझते आणि गॅस तसाच चालू राहतो. खिडकी उघडी ठेवायची, पडदा बांधून. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. सिलिंडरचा जड, ओट्याखाली साचतो. वास आला तर दोन्हींत दिव्याच्या किंवा पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही, आधी कॉक बंद.

मध्यम आचेवर पाणी उकळीला आलं की आच बारीक. पहिली दहा मिनिटं टोपात फारसं काही घडत नाही. मग कडेचे तुकडे पांढऱ्याचे दुधी आणि दुधीचे पारदर्शक होतात. बर्फ पाण्यावर तरंगतो तसं इथे दिसत नाही. घन मेण द्रव मेणापेक्षा जड, त्यामुळे उरलेले तुकडे तळाला बसतात आणि वरून सगळं वितळल्यासारखं वाटतं. लाकडी पट्टीने तळ चाचपून बघायचा. तळाशी तुकडे असेपर्यंत थर्मामीटरचा आकडा साठीच्या आसपास रेंगाळतो, कारण येणारी सगळी उष्णता वितळवण्यातच खर्च होते. शेवटचा तुकडा विरघळला की तोच आकडा भराभर 65, 70, 75 असा चढतो. वीस मिनिटं काही हललं नाही म्हणून माणूस दाराची बेल वाजल्यावर उठतो तो नेमका याच वेळी. उठायचं असेल तर गॅस बंद करून उठायचं. पाणी गरम असतं, दहा मिनिटांत काही बिघडत नाही.

थर्मामीटरबद्दल दोन गोष्टी. तापाचा थर्मामीटर 42 अंशांपर्यंतच असतो. मेणात घातला तर काच फुटते, आणि जुना असेल तर पारा मेणात जातो. प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानांत 110 अंशांपर्यंतचा काचेचा मिळतो, पण स्वयंपाकघरातला सळईचा डिजिटल जास्त सोयीचा. सळई मधोमध लोंबती हवी, तळाला टेकवली तर टोपाचं तापमान दाखवते. बंदुकीसारखा लेझरवाला चकचकीत स्टीलवर चुकीचा आकडा देतो, त्याच्या भरवशावर राहू नये.

साच्यातल्या मेणबत्तीसाठी किलोमागे 50 ते 100 ग्रॅम स्टीअरिक ॲसिड मेणाबरोबरच घालायचं. त्याने मेण कडक आणि पांढरं होतं, निवताना आकसतं आणि साचा सोडतं. मुंबईच्या उन्हाळ्यात उंच मेणबत्त्या कमरेत वाकतात, त्यालाही याचाच उतारा. 75 अंश झाले की गॅस बंद. बाहेरचं पाणी मेणापेक्षा गरम असल्यामुळे आकडा आपोआप 80 ला जातो.

सुगंध आणि रंग गॅस बंद झाल्यावरच. सुगंधी तेलांची वाफ मेणाच्या कितीतरी आधी पेट घेते, काहींची 60–70 अंशांनाच. टोप कुकरमधून सांडशीने उचलायचा, बाहेरची बाजू पुसायची (ओतताना टोपाच्या पोटावरचे थेंब साच्यात पडतात), ओट्यावर कोरड्या फडक्यावर ठेवायचा आणि वजनकाट्यावर मोजून 50 ग्रॅम सुगंध घालायचा. चमच्याचा अंदाज इथे फसतो. दोन मिनिटं हळू ढवळायचं, फेटायचं नाही, नाहीतर बुडबुडे थेट साच्यात जातात. जास्त घातला म्हणून वास जास्त येतो असंही नाही. पॅराफिनला न पेललेलं तेल मेणबत्तीला घाम सुटल्यासारखं बाहेर येतं आणि जळताना धूर करतं.

घरातलंच काहीतरी वापरून बघायचा मोह इथे सर्वांत मोठा असतो. गुलाबजल म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, तळाला मणी होऊन बसणार. खायचा रंग पाण्यात विरघळणारा, मेणात तो ठिपक्याठिपक्यांनी खाली बसतो. मेणाचे खडू रंग छान देतात, पण त्यांतली पूड वातीत अडकते आणि ज्योत दहा मिनिटांत मिणमिणते. सगळ्यात वाईट अंगावर मारायचा परफ्यूम. त्यात स्पिरिट असतं, ते 78 अंशांना उकळतं. गरम मेणात ओतलं की फसफसून वाफ निघते, आणि ती शेजारच्या पेटत्या बर्नरपर्यंत पोचली की भडका. बिनपाण्याचं अत्तर किंवा मेणबत्तीसाठी म्हणूनच विकलं जाणारं सुगंधी तेल, याखेरीज काही नको.

कुकर आणि टोपाची जोडी टाळायची असेल तर आमची पहिली पसंती दूध कुकरला. शिट्टीवाला, दुहेरी भिंतीचा, आता पुष्कळ घरांत माळ्यावर पडलेला. पाणी भिंतींच्या आत कोंडलेलं, त्यामुळे ते मेणात उडायचा प्रश्नच नाही, आणि उकळलं की शिट्टी होते. शिट्टी झाली की गॅस बंद करायचा. आतलं पाणी थोडंच असतं, ते संपू द्यायचं नाही. अर्ध्या किलोपर्यंतच्या घाण्याला याच्याइतकं सोयीचं भांडं नाही. पुन्हा त्यात दूध मात्र तापवायचं नाही. इंडक्शनवर टोप थेट ठेवू नये. त्याचा सेन्सर काचेखाली असतो आणि टोपाचा तळ मधल्या कडीएवढ्या भागातच जोरात तापतो. पाण्याच्या कुकरसकट ठेवला तर ज्योत नसल्यामुळे इंडक्शन गॅसपेक्षा बरा. मायक्रोवेव्हच्या नादी लागू नये. पॅराफिन त्या लहरी जवळजवळ घेतच नाही, भांडंच तापतं, आणि कुठे किती तापलं ते कळत नाही.

मुलं सोबत असतील तर ज्योतच नको. इलेक्ट्रिक किटलीत दीड लिटर पाणी उकळायचं, ते पातेल्यात ओतायचं, त्यात स्टीलच्या डब्यात पाव किलो किसलेलं मेण. पाणी निवलं की एकदा बदलायचं. वेळ लागतो, पण मेण 100 च्या बरंच खालीच राहतं आणि पेटायला आसपास काही नसतं.

आधीच्या घाण्यातलं उरलेलं मेण टोपातच गोठलेलं असेल तर सावध. तळ आधी वितळतो आणि वर घट्ट झाकण राहतं. वितळताना मेण दहा टक्क्यांहून जास्त फुगतं. जागा नसली की झाकणाच्या एखाद्या चिरेतून कारंजासारखं वर उडतं. बघायला म्हणून कोणी नेमका त्याच वेळी वाकलेला असतो. पाण्याच्या आंघोळीत कडाही वितळतात म्हणून धोका कमी, तरीही तापवण्याआधी तापवलेल्या विणायच्या सुईने तळापर्यंत दोन-तीन भोकं पाडून घ्यावीत. त्याहून बरं म्हणजे उरलेलं मेण टोपात ठेवूच नये; बटर पेपर घातलेल्या वाट्यांत ओतून वड्या पाडाव्यात.

टोपाला बसेल असं सपाट झाकण हाताशी ठेवल्याशिवाय आम्ही गॅस पेटवत नाही. मेणाने पेट घेतलाच तर आधी गॅसचा कॉक बंद, मग झाकण पुढच्या कडेने सरकवत टोपावर, आणि टोप जागचा हलवायचा नाही. पेटता टोप उचलून मोरीकडे न्यायला गेलं की तो वाटेत सांडतो. पाणी तर थेंबभरही नाही. लिटरभर पाण्याची सुमारे 1700 लिटर वाफ होते. पेटलेल्या मेणाखाली गेलेलं पाणी क्षणात वाफ होऊन जळतं मेण छतापर्यंत फेकतं. तेच मघाचं मेणातलं पाणी, फक्त भांडंभर. झाकण टाकल्यावर ज्योत दिसेनाशी झाली तरी निदान अर्धा तास उघडायचं नाही, गरम वाफेला हवा मिळाली की ती पुन्हा पेटते. आग विझवायचं पावडरचं एबीसी यंत्र असेल तर दीड-दोन मीटरवरून मारावं. अगदी जवळून मारलं तर त्याचा जोर मेण उडवतो. आग टोपाबाहेर गेली की घराबाहेर पडून 101.

हातावर मेण पडलं तर ओढून काढू नये, कातडी बरोबर येते. नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. मेण कडक होऊन बरंचसं आपोआप सुटतं, न सुटलेलं डॉक्टरांवर सोडायचं. बर्फ, टूथपेस्ट, हळद यांतलं काही नाही. अंगठी आणि बांगड्या कामाला बसतानाच काढून ठेवलेल्या बऱ्या. पेहराव सुती, पूर्ण बाह्यांचा. पातळ सिंथेटिक गाऊन गरम मेणाने अंगाला चिकटतो.

मधमाशीचं मेण वापरणाऱ्यांसाठी एवढंच की ते 62 ते 64 अंशांना वितळतं आणि 85 च्या वर नेलं की काळवंडतं, मधाचा वासही जातो. कच्च्या पोळ्याच्या मेणात पाणी बहुतेक असतंच, तेव्हा मण्यांची तपासणी न चुकता.

ओतण्याआधी वात. दमट वात नुसतीच साच्यात घातली तर जळताना तडतडते. 80 अंशांच्या मेणात ती बुडवली की बारीक बुडबुडे निघतात, तो वातीतला ओलावा आणि हवा. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची, मग ताणून सरळ वाळवायची. साच्याच्या तळाचं वातीचं भोक मुलांच्या खेळातल्या क्लेने बंद करून साचा ताटात ठेवायचा, म्हणजे गळलं तरी ओट्यावर पसरत नाही. धातूच्या साच्यात 75 ते 80 ला ओतायचं, कडेने, एका धारेत. काचेच्या ग्लासात ओतायचं तर ग्लास आधी कोमट करून घ्यावा. कटिंग चहाचा ग्लास चहाला टिकतो म्हणून मेणबत्तीला टिकेलच असं नाही. शेवटी वात तळाशी येते तेव्हा एकाच जागी तापून तो तडकतो.

तासाभरात वातीभोवती खळगा पडतो, मेण आकसल्यामुळे. वरचा पापुद्रा विणायच्या सुईने दोन ठिकाणी टोचायचा, खालची पोकळी उघडी होते. राखून ठेवलेलं मेण पहिल्यापेक्षा पाचेक अंश जास्त गरम करून खळग्यात भरायचं, आधीच्या पातळीच्या वर जाऊ न देता. वर गेलं तर ते साचा आणि मेणबत्ती यांच्या फटीत उतरतं आणि मेणबत्ती निघता निघत नाही. राखीव मेण लागेल म्हणून किलोतलं दीडशे ग्रॅम आधीच बाजूला काढतो. या दुसऱ्या तापवणीला कुकरमधलं पाणी पुन्हा बघायचं. पहिल्या फेरीत ते किती उडालं ते लक्षात राहत नाही.

आवरताना टोप गरम असतानाच वर्तमानपत्राने पुसून घ्यायचा आणि ते कागद निवल्यावर कचऱ्यात. मेण प्यालेला कागद शेगडीजवळ राहिला तर वातीसारखाच पेटतो. टोप साबणाने मोरीत घासायचा नाही. कुकरमधलं पाणीही लगेच ओतायचं नाही, त्यात कडेने उडालेलं मेण असतं आणि नळीच्या वाकणात जाऊन ते गोठतं. कुकर रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी पाण्यावर पापडासारखी पातळ पांढरी चकती आलेली असते. ती बोटाने उचलून वड्यांच्या डब्यात टाकायची, नाणं काढून घ्यायचं आणि मग पाणी ओतायचं.